केळ्याची दोन घरं

दुपारी पावणेतीनला, म्हणजे नारायण पेठेत शहाणा माणूस दुसऱ्या शहाण्या माणसाला फोन करत नाही अशा वेळी, सुनीती परचुरेंचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. कर्जवाले किंवा गाळेवाले असणार असं समजून त्यांनी चढ्या आवाजातच "कोण?" म्हटलं.

"आपण परचुरेबाईच ना? विश्रांतवाडीच्या शाळेतल्या?"

"हो. आपण?"

"बाई, मी कौशल्या. कौशल्या भोयर. चौऱ्याण्णव सालच्या पहिलीच्या वर्गातली." पलीकडचा आवाज हसून म्हणाला, "केयंवाली."

सुनीतीबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हाताखालून हजारेक मुलं तरी गेली असतील. त्यातली निम्मी आता रस्त्यात समोर आली तरी ओळखू येणार नाहीत, हे त्या स्वतःच सांगत. पण या एका नावावाचून एखादं वर्ष सरलं असेल असं त्यांना छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं.

"आठवलं का बाई?"

"आठवलं," त्या म्हणाल्या. "दोन वेण्या. डाव्या गालावर देवीच्या लशीसारखा डाग."

"तो अजून आहे!" कौशल्याचा आवाज खुलला. ती मांजरीला राहत होती. डी.एड. करून दहा वर्षं एका शाळेत नोकरी केली, आणि तीन वर्षांपूर्वी राहत्या सोसायटीच्या तळमजल्यावर लहान मुलांना वाचायला शिकवण्याचा स्वतःचा वर्ग काढला. "सगळे तुमचेच खेळ, बाई. आवाजावरून अक्षर ओळखायचं. लोक त्याला फोनिक्स म्हणतात, मी पण पाटीवर तेच लिहिलंय. हल्ली चार-पाच मुली माझ्याकडे हे शिकायला येतात. एकदा येऊन बघाल का? गुरुवारी? गाडी पाठवते."

"गाडी नको. बसनं येईन," सुनीतीबाई म्हणाल्या, आणि आपण येतो म्हणालो हे फोन ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

खुर्चीत पेपर तोंडावर घेऊन पडलेल्या श्यामरावांनी पेपर न हलवता विचारलं, "कोण?"

"जुनी विद्यार्थिनी. मांजरीला बोलावलंय. वर्ग बघायला."

"मांजरीला?" पेपर जरा खाली आला. "पासपोर्ट कपाटात डाव्या हाताला आहे."

वीज मंडळातून निवृत्त झालेल्या श्यामरावांच्या लेखी पुणे लकडी पुलापाशी सुरू होऊन शनिवारवाड्यापाशी संपत असे. एरवी बाईंनी तितकंच तिरकं उत्तर दिलं असतं. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत, म्हणून श्यामरावांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. पण विचारलं काही नाही. चाळीस वर्षांच्या संसारात कुठे विचारू नये एवढं त्यांना कळत होतं.

गुरुवारी सकाळी साडेआठला बाई निघाल्या. हडपसरला बस बदलून खिडकीची जागा मिळाली, आणि तिथून पुढे त्यांना बाहेरचं फारसं दिसलंच नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे विश्रांतवाडीचा तो वर्ग होता.

दोन खोल्या सोडून हौद, हौदापलीकडे कडुनिंब. खाली शहाबादी फरशी. पावसाळ्यात ती ओली होई आणि तिला एक थंड, मातकट वास येई. बाई तेव्हा छत्तीस-सदतीस वर्षांच्या होत्या. वर्गात साठ मुलं. कोणाचे वडील लष्कराच्या डेपोत, कोणाचे कारखान्यात, कोणाचे बांधकामावर. 'क कमळाचा' असा तक्ता भिंतीवर होता. मुलं तो गाण्यासारखा म्हणत, आणि तक्ता काढला की 'क' कुठला ते एकालाही सांगता येत नसे. कमळ तर निम्म्यांनी पाहिलंही नव्हतं.

मग बाईंनी एका जुन्या पातळाची पिशवी शिवली. तुळशीबागेतून सावंतवाडीची लाकडी फळं आणली. घरातून कंगवा, किल्ली, चमचा, बटण, पणती, टाळं असं सगळं गोळा केलं. फरशीवर खडूनं घरं आखली आणि प्रत्येक घरावर एक अक्षर लिहिलं. मुलानं डोळे मिटून पिशवीत हात घालायचा, हाताला येईल ती वस्तू काढायची, तिचं नाव मोठ्यानं म्हणायचं, नावातला पहिला आवाज कानानं धरायचा आणि धावत त्या आवाजाच्या घरात जाऊन उभं राहायचं. कंगवा आणि किल्ली एका घरात आले की दोघांनी हात मिळवायचे. ठिक्करच्या चौकटीत अक्षरं लिहून बाई लंगडी घालायला लावत. 'मामाचं पत्र' खेळताना पाठीमागे रुमालाऐवजी खराखुरा पोस्टकार्डाचा तुकडा पडे, आणि त्यावरचा शब्द वाचल्याशिवाय उठून पळता येत नसे. वाचता आलं नाही तर शेजारचा कानात सांगे, पण फक्त आवाज सांगायचे, शब्द नाही, असा नियम होता. "प... ण... ती..." असं कुजबुजणं चाले आणि एकदम त्या मुलाचा चेहरा उजळे. तो चेहरा बघायला बाई कितीही ताप आला तरी शाळेत येत.

एकदा तपासणीला आलेले साहेब दारात थबकले होते. "हा खेळाचा तास का?"

"नाही, मराठीचा."

"मग मुलं लंगडी का घालतायत?"

"वाचतायत, साहेब," बाई म्हणाल्या होत्या. साहेबांनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं, त्याचं पुढे काही झालं नाही.

या खेळात 'ण' आणि 'ळ' यांची घरं मात्र कायम रिकामी राहत. त्यांनी सुरू होणारा शब्दच नाही. मुलांना त्याचं फार वाईट वाटे. एका मुलीनं तर 'ळ'ला सोबत म्हणून आपली चप्पल तिथे ठेवली होती. म्हणून बाईंनी शुक्रवारचा वेगळा खेळ काढला. आवाज पहिला नको, लपलेला शोधायचा. बटणात कोण लपलंय? टाळ्यात कोण लपलंय? शुक्रवारी त्या दोन घरांत गर्दी उसळे.

जूनच्या अखेरीला कौशल्या आली. यवतमाळकडची. बाप बद्रीनाथ एका कारखान्यात पहारेकरी म्हणून लागला होता आणि कुटुंब नुकतंच मागून आलं होतं. मुलगी चुणचुणीत होती, हात वर करून करून पुढे येई. दुसऱ्याच शुक्रवारी तिनं पिशवीत हात घातला आणि लाकडी केळं काढलं.

"काय आहे?"

"केयं!" कौशल्या खणखणीत म्हणाली, आणि धावत जाऊन 'य'च्या घरात उभी राहिली.

वर्ग हसला. साठ मुलं हसली की छप्पर हलतं. बाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाल्या, "केयं नाही. केळं. म्हण."

"केयं."

"जिभेचं टोक वर. ळ. के-ळं."

"के-यं."

त्या दिवशी बाईंना काय झालं होतं कोण जाणे. उच्चार हा त्यांचा अभिमानाचा विषय होता. त्यांच्या वर्गातल्या मुलाचा 'ळ' आणि 'ण' शाळेत ओळखू येई. दहा वेळा त्यांनी तिला म्हणायला लावलं. दहा वेळा ती 'केयं' म्हणाली, प्रत्येक वेळी आवाज आणखी बारीक होत गेला, आणि प्रत्येक वेळी मागे कोणीतरी खुदकलं. शेवटी बाईंनी तिच्या दोन्ही खांद्यांना धरून तिला 'य'च्या घरातून उचललं आणि 'ळ'च्या घरात नेऊन ठेवलं.

सोमवारी मैदानात पोरं ओरडली, "केयं आलं, केयं आलं!" बाईंनी त्यांना उन्हात उभं केलं. पण त्या दिवसापासून कौशल्या वर्गात तोंड उघडेना. हजेरीला नुसता हात वर करी. पिशवी पुढे आली की हात मागे बांधी. असे तीन आठवडे गेले.

मग एक दिवस मनपाच्या बसमध्ये बाईंच्या पुढच्या बाकावर दोन बायका बोलत बसल्या होत्या. एक म्हणत होती, "पोराचे डोये आले व, सकायपासून रडून राह्यला." बाईंना सगळं समजलं, जराही अडखळायला झालं नाही. आणि मग, बस संगम पुलावर असताना, त्यांच्या लक्षात आलं की कौशल्या चुकलीच नव्हती. खेळाचा नियम काय होता? स्वतःच्या तोंडातला आवाज कानानं धरायचा. बाकीच्यांनी तक्त्यावरून, मागच्या वर्षीच्या भावंडांवरून, एकमेकांकडे बघून घरं पकडली होती. त्या मुलीनं तिच्या तोंडातला आवाज नीट ऐकला होता आणि ती नेमक्या त्याच घरात गेली होती. वर्गात सगळ्यांत चांगला कान तिचा होता. आणि आपण तिला खांद्याला धरून उचललं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई बद्रीनाथच्या पत्र्याच्या खोलीत गेल्या. तो कामावर होता. कौशल्याच्या आईला बाईंनी सांगितलं की मला तुमच्याकडचे शब्द हवेत. ती आधी घाबरली, पोरीनं काही केलं का, असं तीनतीनदा विचारलं. मग हळूहळू सांगू लागली. शाया. फया. टायी. पिवया. आभाय. बाई वहीत लिहून घेत राहिल्या. कौशल्या दाराच्या आडून बघत होती.

त्या शुक्रवारी 'ळ'च्या घराशेजारी बाईंनी आणखी एक 'य'चं घर आखलं आणि दोन्हींच्या मधे एक दार काढलं. वर्गाला सांगितलं, "केळ्याला दोन घरं आहेत. हे पुस्तकातलं, हे कौशल्याच्या गावचं. दार उघडं आहे. कोणीही इकडून तिकडे जायचं, पण जाताना त्या घरचं नाव घ्यायचं." मुलांना ते भलतंच आवडलं. पुढे प्रत्येकानं आपापल्या घरचे शब्द आणले. वर्गात दोन घरांचे शब्द किती निघाले त्याची मोजदाद नव्हती. कौशल्याला त्या दारातून पाऊल टाकायला आठवडा लागला. दिवाळीच्या सुट्टीआधी ती सगळ्यांच्या आधी वाचायला लागली होती. तिसरीत असताना बद्रीनाथची नोकरी बदलली, बिऱ्हाड हललं, आणि ती शाळेतून गेली.

एवढं सगळं चांगलं झालं. पण त्या दहा वेळांबद्दल बाई तिच्याशी कधी एक अक्षर बोलल्या नाहीत. सहा वर्षांच्या मुलीला काय म्हणणार, असं तेव्हा वाटलं. नंतर म्हणायला ती नव्हती.

बस मांजरीत शिरली. साखर संस्थेच्या पुढे उसाच्या शेतांचे तुकडे राहिले होते आणि त्यांच्या मधूनच पंधरा-पंधरा मजली इमारती वर आल्या होत्या. थांब्यावर कौशल्या उभी होती. अंगानं भरलेली, पंजाबी ड्रेस, केसांत एखाददुसरा पांढरा. ती वाकायला लागली तसं बाईंनी तिला वरच्या वर धरलं.

"डाग खरंच आहे," बाई म्हणाल्या.

वर्ग म्हणजे दोन गाळे एकत्र केलेले. वीस-बावीस मुलं जमिनीवर. त्यातली निम्मी वरच्या सोसायटीतली, स्वच्छ मोजे घातलेली. बाकीची शेजारच्या बांधकामावरची आणि मांजरी गावातली. भिंतीला लागून चार तरुण मुली वह्या घेऊन बसल्या होत्या. त्यातली अस्मिता म्हणून एक, आयटीतली नोकरी सोडून आलेली. ती पुढे झाली. "मॅम, कौशल्यामॅम सारखं तुमच्याबद्दल बोलतात. अ‍ॅक्च्युअली आम्हाला वाटायचं तुम्ही रिअल नाही आहात."

"अजून आहे," बाई म्हणाल्या.

जमिनीवर रंगीत टेपनं घरं आखलेली होती. पिशवी होती, कापडी, नवी. मुलं टाळ्या वाजवून शब्दांचे तुकडे पाडत होती. 'हे-लि-कॉप-टर'ला चार टाळ्या आल्या तेव्हा जल्लोष झाला. दोघी मुली एकमेकींच्या पाठीवर बोटानं अक्षर काढून ओळखत होत्या. हा खेळ बाईंचा नव्हता, कौशल्याचा होता. बाईंनी तो मनात टिपून ठेवला आणि मग त्यांना स्वतःचंच हसू आलं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, आता कुठे वापरणार?

"बाई, एक खेळ तुम्ही घ्या," कौशल्या म्हणाली आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

बाईंनी 'नको, नको' म्हटलं, पण हातांनी पिशवी घेतली होती. "लपलेला आवाज," त्यांनी जाहीर केलं. मुलं सरसावून बसली. पहिली पुढे आली ती सृष्टी, गावातली, पाच-सहा वर्षांची, केसांना चपचपीत तेल. तिनं हात घातला आणि खरंखुरं मक्याचं कणीस बाहेर काढलं. सकाळीच कोणीतरी शेतातून आणलेलं असणार, त्याला हिरवी पानं होती.

"काय आहे ते?"

"कनीस हाय," सृष्टी म्हणाली, आणि बिनधास्त जाऊन 'न'च्या घरात उभी राहिली.

"नो, नो, सृष्टी," अस्मिता मागून म्हणाली, "क-णी-स. णऽ. टंग वर—"

बाईंच्या स्वतःच्या तोंडात तो 'ण' आलेला होता. जीभ टाळूला लागलीसुद्धा होती. एकतीस वर्षांची सवय. सगळं कळूनही जीभ आपल्या जागी जातेच. त्यांनी तोंड मिटलं. गुडघे कुरकुरत असताना हळूहळू खाली जमिनीवर बसल्या, सृष्टीच्या उंचीला आल्या.

"परत म्हण बरं. मला नीट ऐकू दे."

"कनीस."

"त्यात कोण लपलंय?"

"न." सृष्टीला शंका नव्हती.

"तुझ्या तोंडात 'न'च आहे. अगदी बरोबर ऐकलंस. आता कोणाच्या घरी याला वेगळं काही म्हणतात का?"

सोसायटीतल्या आयुषनं हात वर केला. "स्वीटकॉर्न!"

"त्यात कोण लपलंय?"

आयुषनं डोळे मिटले, ओठ हलवले. "न! शेवटी न आहे!" आणि तोही उडी मारून सृष्टीच्या शेजारी जाऊन उभा राहिला. दोघं एकमेकांकडे आश्चर्यानं बघू लागली. एका मुलानं "भुट्टा" म्हटलं आणि तो 'ट' शोधत कोपऱ्यात गेला. वर्गात हशा उठला, पण तो कोणावर नव्हता.

"आता गंमत सांगते," बाई म्हणाल्या. "पुस्तकात गेलं की हे कणीस 'ण'च्या घरी उतरतं. तिथे त्याचं नाव कणीस. चला, त्याला पोहोचवून येऊ."

सृष्टीनं कणीस दोन्ही हातांत वरातीतल्या कलशासारखं धरलं. मागे आयुष, मागे सगळी. 'ण'च्या घरापाशी आल्यावर बाईंनी नाव घ्यायला सांगितलं. कोणी 'कणीस' म्हणालं, कोणी 'कनीस'. सृष्टी जीभ वर नेऊन बराच वेळ धडपडली, आणि काहीतरी मधलंच बाहेर पडलं.

"होईल," बाई म्हणाल्या. "घाई नाही."

बारा वाजता मुलं गेली. मुली वह्या मिटून डबे काढत होत्या. कौशल्या बाईंना घेऊन बाहेरच्या पायरीवर आली.

"बाई, फोनवर नीट बोलता आलं नाही म्हणून बोलावलं. मला एक विचारायचं होतं."

"आधी मला बोलू दे," सुनीतीबाई म्हणाल्या. "मी तुला दहा वेळा म्हणायला लावलं होतं. सगळ्यांसमोर. तुला आठवत नसेल कदाचित."

"आठवतं की." कौशल्यानं लगेच म्हटलं. "विसरले म्हटलं तर खोटं होईल, बाई. तुम्ही खांद्याला धरलं होतं तेही आठवतं. तुमच्या हाताला खडू होता, तो माझ्या फ्रॉकला लागला होता."

बाईंनी मान हलवली. त्यांना वाटलं होतं की ती 'छे हो बाई' म्हणेल, आणि तसं म्हणाली असती तर हलकं वाटलं असतं. तसं झालं नाही. तरीही, आपण केलं ते दुसऱ्या कोणालातरी जसंच्या तसं ठाऊक आहे, यातही एक आधार होता.

"माझं चुकलं होतं, कौशल्या. तेव्हाच म्हणायला हवं होतं."

समोरून सिमेंटचा मिक्सर गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत दोघी थांबल्या.

"मी या मुलींना पहिल्या दिवशी तीच गोष्ट सांगते," कौशल्या म्हणाली. "एक बाई होत्या, त्यांनी असं केलं. आणि मग त्या घरी आल्या, आईकडून शब्द लिहून घेतले. दोन्ही सांगते. पण नाव सांगत नाही. हेच विचारायचं होतं. आता यांच्यासाठी एक छोटी पुस्तिका करतेय, खेळांची. त्यात ती गोष्ट घालायची आहे. नाव घालू का? नको म्हणालात तर घालणार नाही."

बाईंना पेठेतली माणसं दिसली, शाळेतल्या जुन्या सहकारी दिसल्या, ती पुस्तिका उघडून 'अगंबाई' म्हणणाऱ्या. आदर्श शिक्षिकेची एक शाल घरात कपाटात होती.

"घाल," त्या म्हणाल्या. "पण दहाचे पाच करू नकोस हं."

कौशल्या हसली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. "चला वर. आई वाट बघतेय."

तिसऱ्या मजल्यावरच्या घरात कौशल्याची आई दारातच उभी होती. वाळकी, ताठ, नऊवारी जाऊन गोल पातळ आलेलं, पण कुंकू तेवढंच मोठं. बद्रीनाथचा हार घातलेला फोटो भिंतीवर होता, म्हणजे ते कुंकू आता सवयीचं. तिनं बाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सोडला नाही.

"बसा बाई. किती दिसानं आल्या. चा मांडलाच हाये."

"तुमची मी क्षमा मागायला आले," बाईंनी सुरुवात केली. एकदा बोलून झालं होतं, दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं.

आईनं त्यांचं पुरतं ऐकलंच नाही. "तुमी आमच्या त्या पत्र्याच्या घरी आलत्या ना," ती म्हणाली, "तवा मी तुमाले काया चा देल्ला. घरात दूध नोतं. शेजारीण बी घरी नोती. तुमी पेल्या, काई बोल्ल्या नाई. पन मले इतकी लाज वाटली बाई, इतकी लाज वाटली... हे आले तवा मी लय रडली. पुन्यातली मास्तरीन घरी आली आन आपन तिले काया चा देल्ला. कवा भेटली तं सांगीन म्हनलं."

सुनीतीबाईंना तो चहा मुळीच आठवत नव्हता. शब्द आठवत होते, वही आठवत होती, दाराआडची मुलगी आठवत होती. चहा प्यायलो की नाही हेही सांगता आलं नसतं. आणि ही बाई तीस वर्षं त्या कपापाशी थांबली होती.

"अहो, मला दूध चालायचंच नाही तेव्हा," त्या म्हणाल्या.

"खरं?"

बाईंनी एवढ्या वर्षांत वर्गात खोटं बोलू नये म्हणून किती मुलांना कान धरून सांगितलं होतं. "अगदी खरं," त्या म्हणाल्या.

आईनं मोठा सुस्कारा सोडला. "आता तरी चालते ना?"

"आता चालतं."

पुरी-भाजी झाली, गोड झालं. आईनं बाईंना बद्रीनाथच्या शेवटच्या दुखण्याचं सांगितलं, गावाकडच्या घराचं सांगितलं. बाईंना मधेमधे एखादा शब्द अडे, मग त्या विचारत, आणि आईला सांगताना हसू येई. चारच्या बसला कौशल्या त्यांना सोडायला आली. पुढच्या गुरुवारी याल का, असं तिनं विचारलं नाही. "पाठीवरच्या अक्षराचा तो खेळ मला नीट दाखव," असं बाईच म्हणाल्या, "डावीकडून काढायचं की पाठ फिरल्यामुळे उलटं होतं, ते मला कळलं नाही."

"ते मुलांनाच विचारा," कौशल्या म्हणाली.

घरी पोहोचेपर्यंत दिवे लागले होते. श्यामरावांनी खिचडी करून ठेवली होती, आणि ती जरा लागली होती. ताट वाढताना त्यांनी विचारलं, "मग? परदेश कसा होता?"

सुनीतीबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, तरी त्या शुक्रवारची गोष्ट त्यांनी त्यांना कधी सांगितली नव्हती. श्यामराव मधे एकदाही तिरकं बोलले नाहीत. शेवटी फक्त म्हणाले, "पुस्तिकेत माझंही नाव घालायला सांग. लाकडी केळ्याचे पैसे मी दिले होते."

"ते सीताफळाचे दिलेत तुम्ही," सुनीतीबाई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात आणखी एक डाव खिचडी वाढली, तळाची, लागलेली.